देश सोडायची संधी वारंवार आली, पण हे रब्बी शेवटच्या दहा माणसांसाठी हिटलरच्या बर्लिनमध्येच थांबले

तारीख २७ जानेवारी १९४३. बर्लिनमध्ये अजून उजाडलंही नव्हतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या दारात गेस्टापोची माणसं येऊन उभी राहिली. गेस्टापो म्हणजे हिटलरचे गुप्त पोलीस. ते पहाटे दारात आले की पुढे काय होतं हे तोवर बर्लिनमधल्या प्रत्येक ज्यू माणसाला माहीत झालं होतं.

त्या गृहस्थांनी आरडाओरडा केला नाही की हातापाया पडले नाहीत. त्यांनी फक्त थोडा वेळ मागून घेतला. टेबलाशी बसून त्यांनी लंडनला असलेल्या मुलीला निरोपाचं पत्र लिहिलं. मग गॅसचं आणि विजेचं बिल काढलं, दोन्हींचे पैसे पोस्टाने पाठवायची सोय केली आणि मग ते पोलिसांसोबत निघाले.

ज्या सरकारने आपली नागरिकता काढून घेतली, आपल्या माणसांना गाड्यांत कोंबून पाठवलं, त्याच देशातल्या वीज कंपनीचं बिल कशासाठी भरायचं? पण या माणसाचं तसंच होतं. समोरचा कसा वागतो यावर आपण कसं वागायचं हे ठरत नाही, असा त्यांचा हिशोब होता.

त्यांचं नाव रब्बी लिओ बेक. हिटलरच्या काळात जर्मनीतल्या सगळ्या ज्यू समाजाचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. लोकांनी त्यांच्यावर जिवापाड प्रेम केलं आणि त्यांच्या एका निर्णयावर आजही वाद होतो. त्या दोन्ही गोष्टी पुढे येतीलच.

आधी रब्बी म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं की रब्बी म्हणजे ज्यूंचा पुजारी. तसं नाही. रब्बी म्हणजे मुळात शिक्षक. धर्मग्रंथ शिकलेला, लोकांना तो समजावून सांगणारा, लग्नापासून भांडणापर्यंत सल्ला देणारा माणूस. प्रार्थना करायला रब्बी लागतोच असं नाही. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल समाजाने तर शतकानुशतकं रब्बीशिवाय धर्म टिकवला, त्यांच्याकडे हे काम काजी आणि हझान बघायचे. प्रार्थनेला खरी गरज असते ती माणसांची. परंपरेनुसार किमान दहा प्रौढ पुरुष जमले की सामुदायिक प्रार्थना पूर्ण होते. या दहा जणांच्या जमावाला मिनियान म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा.

लिओ बेक यांचा जन्म २३ मे १८७३ चा. गाव लिसा, तेव्हा जर्मनीत होतं, आज पोलंडमध्ये आहे. वडील सॅम्युएल हेही रब्बी. लिओ आधी ब्रेस्लाऊला आणि मग बर्लिनला शिकले. एकीकडे धर्माचं शिक्षण आणि दुसरीकडे विद्यापीठात तत्त्वज्ञान. डॉक्टरेट केली ती स्पिनोझावर. गंमत म्हणजे स्पिनोझा हा तोच तत्त्वज्ञ, ज्याला अॅमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने बहिष्कृत केलं होतं. होऊ घातलेल्या रब्बीने अभ्यासाला निवडला तो असा माणूस.

१८९७ मध्ये त्यांना ओपेलन नावाच्या छोट्या गावात पहिली नोकरी लागली. हे गाव काही विद्वानांचं केंद्र वगैरे नव्हतं. पण तिथे बसून त्यांनी जर्मनीतल्या सगळ्यात वजनदार धर्मपंडिताशी वाद घातला.

झालं असं की अॅडॉल्फ फॉन हारनाक या प्रोटेस्टंट प्राध्यापकांनी बर्लिन विद्यापीठात ख्रिस्ती धर्माच्या साराविषयी व्याख्यानं दिली. १९०० मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि ते तुफान गाजलं. त्यात येशूची शिकवण जितकी उजळ दिसत होती, तितकाच त्याच्या काळचा ज्यू धर्म कोरडा, नियमांत अडकलेला दिसत होता. जर्मनीतल्या शिकल्यासवरल्या ज्यूंना हे झोंबलं, पण हारनाकसारख्या माणसाला उत्तर कोण देणार?

ओपेलनच्या तरुण रब्बींनी दिलं. आधी एक परखड परीक्षण लिहिलं आणि मग १९०५ मध्ये ज्यू धर्माचं सार सांगणारं स्वतःचं पुस्तक. त्यात हारनाकवर चिखलफेक नाही. मुद्दा साधा आहे. ज्यू धर्मात अमुक एका सिद्धांतावर विश्वास ठेवला की माणूस तरला, असं नसतं. तिथे प्रश्न असतो की तू काय केलंस? शेजाऱ्याशी, परक्याशी, गरिबाशी कसा वागलास? देव माणसाला भेटतो तो आज्ञेतून आणि ती आज्ञा रोज नव्याने पाळावी लागते. या पुस्तकाने त्यांचं नाव देशभर झालं. ओपेलनहून ते ड्युसेलडॉर्फला गेले आणि १९१२ मध्ये बर्लिनला आले.

पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ते जर्मन सैन्यात ज्यू सैनिकांचे धर्मगुरू म्हणून गेले. पश्चिमेच्या आणि पूर्वेच्या अशा दोन्ही आघाड्यांवर. जर्मनीसाठी लढून मेलेल्या ज्यू पोरांचे अंत्यविधी या माणसाने केले होते. पंधरा-वीस वर्षांनी त्याच पोरांच्या आईबापांना हा देश तुमचा नाही असं ऐकवलं जाणार होतं.

बर्लिनमध्ये ते रब्बी घडवणाऱ्या महाविद्यालयात शिकवायचे. सभा जिंकणारे वक्ते अशी त्यांची ख्याती नव्हती, प्रवचनं जड असायची. पण विद्यार्थी आणि साधी माणसं त्यांच्याकडे ओढली जायची ती त्यांच्या वागण्यामुळे. उंच, शिडशिडीत, दाढीवाला, कमालीचा सभ्य माणूस. आणखी एक गोष्ट. ज्यू समाजात तेव्हा सनातनी विरुद्ध सुधारक, झिओनिस्ट विरुद्ध पक्के जर्मनवादी अशी तट पडलेली होती. बेक स्वतः उदारमतवादी, पण कुणाच्याच विरोधात उभे राहिले नाहीत. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर जर्मन रब्बींच्या संघटनेने झिओनिझमचा निषेध केला, तेव्हा स्वतः झिओनिस्ट नसतानाही त्या ठरावाला नकार देणारे जे दोघेच होते, त्यांतले एक बेक. १९२२ मध्ये त्याच संघटनेचे ते अध्यक्ष झाले.

मग आलं १९३३. हिटलर सत्तेवर आला. जर्मनीत तेव्हा जवळपास ५ लाख ज्यू राहत होते. १ एप्रिलला ज्यू दुकानांवर बहिष्कार झाला. त्यानंतर सरकारी नोकऱ्या गेल्या, शाळांतून मुलं बाहेर पडू लागली. बऱ्याच जणांना वाटत होतं की ही लाट आहे, ओसरेल. बेक यांना तसं वाटलं नाही. जर्मन ज्यूंचा हजार वर्षांचा इतिहास संपला, असं ते त्याच वर्षी सांगू लागले होते.

त्या सप्टेंबरमध्ये सगळ्या गटांनी मिळून एक राष्ट्रीय संघटना काढली. अध्यक्ष कुणाला करायचं? सगळ्यांना चालणारं एकच नाव होतं.

या संघटनेचं काम काय होतं, तर जे जे सरकार हिसकावून घेत होतं त्याची आपल्यापुरती सोय करायची. शाळेतून काढलेल्या मुलांसाठी शाळा. नोकरी गेलेल्यांना मदत. वकील, डॉक्टर, दुकानदार असलेल्यांना शेतीकाम, सुतारकाम शिकवायचं, कारण परक्या देशात व्हिसा मिळायला हाताला कसब लागत होतं. म्हाताऱ्यांची काळजी. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे माणसं देशाबाहेर काढणं. महायुद्ध सुरू होईपर्यंत जर्मनीतले निम्म्याहून जास्त ज्यू बाहेर पडले. याचं श्रेय एकट्या बेक यांचं नाही. रोजचा गाडा ओढणारे ओटो हिर्श यांच्यासारखे लोक होते. हिर्श यांना नाझींनी १९४१ मध्ये माउटहाउसेनच्या छळछावणीत संपवलं.

नाझींची कुरघोडी किती बारीक असायची बघा. संघटनेचं नाव सुरुवातीला जर्मन ज्यूंची असं होतं. १९३५ मध्ये ते बदलायला लावलं, जर्मनीतल्या ज्यूंची असं. म्हणजे तुम्ही जर्मन नाही, फक्त इथे राहता.

त्याच १९३५ च्या शरद ऋतूत बेक यांनी एक धाडस केलं. योम किप्पूर हा ज्यूंचा सगळ्यात पवित्र दिवस. उपास करायचा, वर्षभराच्या पापांची कबुली द्यायची. त्या संध्याकाळी देशातल्या प्रत्येक सिनेगॉगमध्ये वाचण्यासाठी त्यांनी एक प्रार्थना लिहून पाठवली. तिचा आशय असा, की आम्ही देवापुढे आमची पापं कबूल करतो, पण आमच्याविरुद्ध, आमच्या धर्माविरुद्ध जी खोटी निंदा चालली आहे तिला आम्ही तुच्छ मानतो. देवासमोर मान खाली, माणसासमोर नाही. गेस्टापोला सुगावा लागला, प्रार्थनेवर बंदी आली आणि बेक यांना अटक झाली. पुढे सुटका झाली, पण अटक आणि चौकशी त्यांच्या पाचवीला पुजली ती तेव्हापासून. एकदा म्हणे गेस्टापोने त्यांना शनिवारी हजर व्हायला सांगितलं. शनिवार हा शब्बाथ, त्या दिवशी मी प्रार्थनेला जातो, असं त्यांनी शांतपणे कळवून टाकलं.

१९३७ मध्ये पत्नी नताली गेल्या. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये एका रात्रीत देशभर सिनेगॉग जाळले गेले, सुमारे ३० हजार ज्यू पुरुषांना छावण्यांत डांबलं. त्याच वर्षी, म्हणजे आजूबाजूला हे सगळं पेटलेलं असताना, बेक यांनी बर्लिनमध्ये एक पुस्तक छापलं. विषय काय, तर ख्रिस्ती शुभवर्तमान हे मुळात ज्यू धर्माच्या इतिहासातला दस्तऐवज आहे. येशूला आर्य ठरवू पाहणाऱ्यांच्या राजधानीत हे छापायला काय लागलं असेल याची कल्पनाच केलेली बरी.

या सगळ्या काळात परदेशातून बोलावणी येत होती. अमेरिकेतून, इंग्लंडमधून. नोकरी, घर, व्हिसा सगळं तयार. १९३९ मध्ये मुलगी रूथ कुटुंबासह लंडनला गेली. बेक स्वतःही त्या वर्षी लंडनला गेले होते, मुलांना सुरक्षित पोचवणाऱ्या गाडीसोबत. तिथेच राहिले असते तर कुणी नाव ठेवलं नसतं. ते परत बर्लिनला आले. जर्मनीत एक मिनियान शिल्लक असेपर्यंत, म्हणजे प्रार्थनेपुरते दहा ज्यू उरलेले असेपर्यंत आपण इथून हलणार नाही, असं त्यांनी सगळ्यांना कळवलं होतं.

१९४१ च्या ऑक्टोबरपासून बर्लिनहून ज्यूंना पूर्वेकडे नेणाऱ्या गाड्या सुटू लागल्या. संघटना आता थेट गेस्टापोच्या ताब्यात होती, नाव बदललेलं, अधिकार शून्य. माणसांना घरातून आणायच्या कामात ज्यू स्वयंसेवक वापरले गेले. पोलिसांपेक्षा आपली माणसं निदान हळुवार वागतील, असं तेव्हा बेक यांना वाटलं होतं. हा अंदाज चुकलाच. गाडी शेवटी भरली जायचीच आणि पुढे टीकाकारांनी हा मुद्दा लावून धरला.

एवढ्यातही त्यांचं शिकवणं चालू होतं. बर्लिनचं महाविद्यालय १९४२ च्या उन्हाळ्यात नाझींनी बंद पाडलं, तोवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके विद्यार्थी उरले होते आणि बेक त्यांना शिकवत होते.

आणि मग ती जानेवारीची पहाट.

त्यांना नेलं तेरेझिनश्टाटला. प्रागच्या उत्तरेला एक जुना किल्ला आहे, आज त्याला तेरेझिन म्हणतात. नाझींनी त्याची जाहिरात वृद्ध ज्यूंची वसाहत अशी केली होती. अनेक म्हाताऱ्यांकडून तिथल्या घरासाठी करार करून पैसेही उकळले होते. प्रत्यक्षात माळ्यांवर, तळघरांत माणसं कोंबलेली, भूक, उवा, साथी. सुमारे १ लाख ४० हजार लोक तिथे पाठवले गेले. त्यातले ३३ हजारांच्या आसपास तिथेच मेले आणि ८० हजारांहून जास्त पुढे ऑशविट्झ आणि इतर ठिकाणी पाठवले गेले. बेक यांच्या बहिणींचा शेवटही याच जागी झाला.

६९ वर्षांच्या बेक यांना काम मिळालं कचऱ्याची गाडी ओढायचं. घोड्याच्या जागी माणसं जुंपायची. सोबत जुंपलेला दुसरा कैदीही शिकलेला निघाला, तर हे दोघं गाडी ओढता ओढता तत्त्वज्ञानावर गप्पा मारायचे. सत्तरी गाठल्यावर ती मजुरी सुटली आणि छावणीतल्या ज्यू मंडळात त्यांचा समावेश झाला. आजाऱ्यांकडे, म्हाताऱ्यांकडे बघायचं काम त्यांच्याकडे आलं.

पण तिथून वाचलेल्यांना त्यांची आठवण आहे ती रात्रीच्या व्याख्यानांची. दिवसभराच्या कामानंतर एखाद्या बराकीच्या माळ्यावर अंधारात माणसं दाटीवाटीने उभी राहायची. हातात कागद नाही, समोर दिवा नाही. बेक बोलायचे प्लेटोवर, कान्टवर, यशया संदेष्ट्यावर. उपाशी माणसांना प्लेटो कशाला, असं वाटू शकतं. पण ज्यांना फक्त नंबर उरला होता त्यांना तासभर कुणीतरी विचार करणारी माणसं म्हणून वागवत होतं.

आता तो निर्णय.

१९४३ च्या ऑगस्टमध्ये एका कैद्याने त्यांना गुपचूप सांगितलं की ऑशविट्झला गेलेल्यांना गॅसने मारतात. बेक यांनी स्वतःशी झगडून ठरवलं की हे कुणाला सांगायचं नाही. त्यांचं म्हणणं नंतर त्यांनीच मांडलं. गॅसची वाट बघत जगणं हे मरणाहून वाईट. शिवाय गेलेल्या प्रत्येकाला लगेच मारत नव्हते, काहींना कामाला लावत होते, मग सगळ्यांची आशा आधीच का मोडायची? त्यानंतरही वर्षभराहून जास्त काळ गाड्या सुटत राहिल्या आणि माणसं काय चाललंय हे न कळता त्यात चढत राहिली.

युद्धानंतर यावर मोठी टीका झाली. विचारवंत हाना आरेन्ट यांनी १९६३ च्या आइशमनवरच्या पुस्तकात बेक यांच्यावर बोचरी टिप्पणी केली. त्यातलं एक विशेषण इतकं जहरी होतं की नंतरच्या आवृत्तीतून काढावं लागलं. इतिहासकार राउल हिलबर्ग यांनीही ज्यू नेतृत्वावर कडक लिहिलं. माहीत असतं तर काही जण लपले असते, पळाले असते, निदान स्वतःहून गाडीत चढले नसते, हा आक्षेप सहज झटकून टाकता येत नाही. दुसरी बाजू अशी की भिंतींच्या आत अडकलेले वृद्ध, आजारी, लहान मुलं पळून जाणार तरी कुठे? पण ठरवायचा हक्क कुणाचा होता, हा प्रश्न त्यानेही सुटत नाही. बेक यांनी तो एकट्याने वापरला. दयेपोटी वापरला, पण दुसऱ्यांच्या वतीने वापरला.

ते स्वतः वाचले यात नशिबाचाही भाग होता. छावणीत मोराव्हियाचे बेक आडनावाचे दुसरे एक रब्बी वारले आणि नाझींच्या वरिष्ठांना वाटलं की लिओ बेकच गेले. १९४५ च्या वसंतात आइशमन तिथे आला तेव्हा हे जिवंत आहेत हे बघून चक्रावला, असं बेक सांगायचे.

मे १९४५ मध्ये सुटका झाली. सोव्हिएत सैन्य आलं. बेक यांना घेऊन जायला अमेरिकन अधिकारी आला, पण छावणीत टायफसची साथ होती आणि लोक मरत होते. ते थांबले. कैद्यांनी पहारेकऱ्यांवर सूड उगवू नये म्हणूनही ते मध्ये पडले. आजाऱ्यांची सोय लागल्यावरच काही आठवड्यांनी ते लंडनला मुलीकडे पोचले.

७२ व्या वर्षी माणूस शांत बसला असता. हे पुन्हा कामाला लागले. उदारमतवादी ज्यूंच्या जागतिक संघटनेचे ते युद्धाच्या आधीपासून अध्यक्ष होते. याच संघटनेशी मुंबईची ज्युईश रिलिजियस युनियनही जोडलेली होती. ती १९२५ मध्ये उभी करण्यात पुढाकार होता डॉ. जेरुशा झिराड यांचा, कामा हॉस्पिटलच्या प्रसिद्ध बेने इस्राएल डॉक्टर. बेक वर्षातले काही महिने अमेरिकेत सिनसिनाटीला शिकवायचे. १२ फेब्रुवारी १९४८ ला, लिंकन यांच्या जयंतीला, अमेरिकन प्रतिनिधिगृहात त्यांनी प्रार्थना म्हटली. ते जर्मनीलाही जाऊन आले. जर्मन माणसांशी बोलायला त्यांनी नकार दिला नाही. पण जर्मन ज्यूंचं जुनं जग परत उभं राहील अशी खोटी आशाही कुणाला दिली नाही.

तेरेझिनश्टाटमध्ये मिळेल त्या कागदावर लिहायला घेतलेलं ज्यू लोकांविषयीचं पुस्तक त्यांनी लंडनमध्ये पुरं केलं. पहिला भाग १९५५ मध्ये आला. त्याच वर्षी जर्मन ज्यूंचा इतिहास, पत्रं, कागद जपण्यासाठी जेरुसलेम, लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या नावाची संस्था सुरू झाली. २ नोव्हेंबर १९५६ ला ते लंडनमध्ये वारले. पुस्तकाचा दुसरा भाग नंतर छापला गेला.

त्याच १९५६ मध्ये लंडनमध्ये रब्बी घडवणारं नवं महाविद्यालय निघालं होतं. बर्लिनमध्ये बंद पाडलेल्या शाळेचा वारसा चालवणारं. बेक गेल्यावर त्याला लिओ बेक कॉलेज असं नाव दिलं गेलं.

या कॉलेजच्या निमित्ताने आणखी एक नाव घ्यायला हवं. रेगिना योनास. जगातली पहिली स्त्री रब्बी आणि बर्लिनमधली बेक यांची विद्यार्थिनी. शिक्षण पूर्ण झाल्यावर तिला रब्बीपद देण्याचं बेक यांनी टाळलं, समाजात फूट नको म्हणून. १९३५ मध्ये दुसऱ्या एका रब्बीने ते दिलं. १९४२ मध्ये बेक यांनी तिच्या प्रमाणपत्रावर सही केली. तेरेझिनश्टाटमध्ये दोघंही होते, तीही तिथे व्याख्यानं द्यायची. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये ती ऑशविट्झला पाठवली गेली आणि परतली नाही. युद्धानंतर बेक यांनी तिच्याविषयी जाहीरपणे काही सांगितल्याचं दिसत नाही आणि जग तिला जवळजवळ विसरलं. तिची कागदपत्रं १९९१ मध्ये पूर्व बर्लिनच्या एका संग्रहात सापडली. त्याच्या आधीच, १९७५ मध्ये, जॅकी टॅबिक ब्रिटनमधल्या पहिल्या स्त्री रब्बी झाल्या होत्या. त्या शिकल्या होत्या लिओ बेक कॉलेजमध्ये.